कीकलीने २८व्या वर्षी हेल्मेट खाली ठेवलं, ते बरोबर केलं का?

शार्लटकर
मंडळी, इथे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळांवर फारसं कोणी लिहीत नाही, तरी हिय्या करून धागा काढतोय. विषय अमेरिकन फुटबॉल. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी सरळ पाककृती विभागात जावं, राग नाही.

आमच्या शार्लटचा संघ कॅरोलायना पँथर्स. त्यांचा मिडल लाइनबॅकर ल्यूक कीकली, जर्सी ५९. सिनसिनाटीकडचा मुलगा, बॉस्टन कॉलेजकडून खेळला, २०१२च्या ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) नवव्या क्रमांकावर पँथर्सने उचलला. पहिल्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगमधला सर्वोत्तम नवोदित बचावपटू, दुसऱ्या वर्षी थेट सर्वोत्तम बचावपटू. सात वेळा प्रो बोल (निवडक खेळाडूंचा मानाचा सामना), पाच वेळा ऑल-प्रोचा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांचा, पहिला संघ. आणि १४ जानेवारी २०२० रोजी, वय अवघं २८, निवृत्तीचा एक व्हिडिओ टाकून गडी मोकळा झाला.

माझं मत: घाई केली. २०१९च्या मोसमात तो सोळाच्या सोळा सामने खेळला, १४४ टॅकल (समोरच्याला आडवं पाडणं). खेळ कुठे उतरला होता? बाल्टिमोरचा लाइनबॅकर रे लुईस १७ मोसम खेळला, दोन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. कीकली आठ मोसमांत आटोपला, सुपर बोल एकही नाही. अजून तीन-चार वर्षं काढली असती तर लुईसच्या पंगतीत बसला असता. शनिवारी मित्रांत यावरून इतकं वाजलं की बायकोने पानं घेतली म्हणून मिटलं. तुमचं काय मत?

गोट्या_सदाशिव
पहिला! आता शंका. फुटबॉल म्हणायचं आणि पायाने कोणी मारायचं नाही, हा काय प्रकार आहे?

शार्लटकर
@गोट्या, ही शंका प्रत्येक धाग्यावर येते. पुढे.

निशाचर
गोट्याला बाजूला ठेवू, पण लाइनबॅकर म्हणजे काय हे लिहिल्याशिवाय बाकीच्यांना वाद कळायचा नाही.

बचावाचे ११ जण. सगळ्यात पुढे चार धिप्पाड गडी, हात जमिनीला टेकवून बसलेले. त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर उभे असतात ते लाइनबॅकर. त्यातला मधला तो 'माइक'. त्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, मागे हिरवा ठिपका चिकटवलेला. बाहेरून कोच डाव सांगतो आणि डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद. पुढचं सगळं माइकच्या डोक्यावर. समोरच्याने रांग बदलली, एखादा खेळाडू डावीकडून उजवीकडे गेला, समोरच्या रांगेतल्या गार्डने हातावर जरा जास्त भार टाकला, की हा ओरडून आपल्या दहा जणांना हलवतो. बॉल सुटला की वाचलेलं बरोबर आहे असं धरून धावत सुटायचं आणि शंभर किलोच्या माणसाला आडवं करायचं.

कीकली यात बाप होता. समोरच्यांचे जुने सामने पाहून पाहून त्याला त्यांचे डाव पाठ असायचे. २०१५च्या थँक्सगिव्हिंगचा डॅलसविरुद्धचा सामना बघा. त्यांच्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्या टोनी रोमोचे, लागोपाठ दोन पास त्याने हवेत झेलले, एक थेट टचडाउनला (मैदानाच्या टोकाला, जिथे गुण मिळतात) नेला. लागोपाठ! तिथे पास येणार हे आधी कळल्याशिवाय असा झेल जमत नाही.

अण्णा_दादरकर
म्हणजे कबड्डीतला कोपरारक्षक. चढाईवाल्याचा पाय कुठे पडणार ते ओळखायचं, आणि घोटा धरायचा.

निशाचर
अण्णा, ओळखण्यापुरतं ठीक. पण कबड्डीत समोरचा धावत येऊन तुमच्या डोक्यावर डोकं आपटत नाही, आणि तेही एका दुपारी साठ वेळा. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

मेधा_के
धागाकर्त्याला अर्धं अनुमोदन. कीकलीच्या शेजारी खेळायचा तो थॉमस डेव्हिस आठवा. एकाच गुडघ्याचं लिगामेंट २००९, २०१० आणि २०११, ओळीने तीनदा फाटलं. डॉक्टरांपासून चाहत्यांपर्यंत सगळ्यांनी त्याच्या नावावर फुली मारली होती. परत आला. २०१५च्या मोसमात कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात (सुपर बोलच्या आधीचा) हात मोडला, तर दोन आठवड्यांनी पट्टी आणि स्क्रू घालून सुपर बोलला उतरला! खेळावर जीव म्हणजे असा. कीकली मोठाच, पण माझ्या घरात फोटो लागेल तो डेव्हिसचा.

वऱ्हाडी_ठसका
मोडक्या हाताने खेळला आन् हारले न भौ! २४-१०. पट्टी डॉक्टरच्या कामाची, डेन्व्हरच्या वॉन मिलरसमोर काय कामाची.

मेधा_के
@वऱ्हाडी, मिलरने आपल्या क्वार्टरबॅकच्या, कॅम न्यूटनच्या हातातून दोनदा बॉल पाडला, त्यात डेव्हिसचा काय दोष? तो दुसऱ्या बाजूला खेळतो. बाकी मिलरही लाइनबॅकरच आणि त्या सामन्याचा मानकरीही तोच. पण तो कडेचा, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. कीकलीचं काम वेगळं. एकच नाव, दोन नोकऱ्या.

शार्लटकर
तो मोसम आठवला की अजून पोटात कालवाकालव होते. १५ विजय, १ पराभव. प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) दोन्ही सामन्यांत, सिएटलविरुद्ध आणि ॲरिझोनाविरुद्ध, कीकलीने इंटरसेप्शन करून (समोरच्याचा पास मधेच झेलून) टचडाउन केला. आणि नंतर सुपर बोलचं ते सांता क्लारा. जाऊ दे.

डॉ_स्नेहल
मी न्यूरोलॉजीत आहे, त्यामुळे राहवत नाही. गुडघा आणि मेंदू एका तागडीत तोलू नका. लिगामेंट नवीन बसवता येतं, हाडाला पट्टी लावता येते.

कीकलीची नोंद बघू. २०१५च्या पहिल्याच सामन्यात कन्कशन (मार बसून मेंदूला बसलेला धक्का), तीन सामने बाहेर. १७ नोव्हेंबर २०१६, गुरुवारी रात्री न्यू ऑर्लिन्सविरुद्ध पुन्हा. तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. एवढा कणखर गडी मैदानात बसून हमसाहमशी रडतोय, श्वास नीट लागत नाही, आणि गाडीतून बाहेर नेतायत. काही जणांनी तेव्हा लिहिलं की भावनावश झाला. भावना कसली? मेंदूला मार बसला की रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटू शकतो, ते लक्षणच आहे. त्या मोसमात त्याला पुन्हा उतरवलं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध आणखी एकदा डोक्याला मार लागून बाहेर. तीन वर्षांत तीनदा.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. २०१७मध्ये कीकली गळ्यात एक पट्टा घालून खेळायला लागला, क्यू-कॉलर म्हणतात. मानेतल्या शिरांवर हलका दाब येतो, कवटीत रक्त किंचित जास्त राहतं आणि मेंदूला हलायला जागा कमी मिळते, अशी त्यामागची कल्पना. फायदा किती यावर आमच्यात मतभेद आहेत. पण २६ वर्षांचा माणूस गळ्यात ते घालून उतरतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

चहाबाज
डॉक्टर, एक शंका. डोक्याला वारंवार मार बसून मेंदूचा जो आजार होतो, सीटीई म्हणतात, तो कीकलीला झाला होता का? की भीतीपोटी सोडलं?

डॉ_स्नेहल
@चहाबाज, जिवंत माणसात सीटीईचं पक्कं निदान होत नाही. मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, टाऊ नावाचं प्रथिन ठरावीक जागी साचलेलं दिसतं. २००२ मध्ये पिट्सबर्गला डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या जुन्या फुटबॉलपटूच्या शवविच्छेदनात ते पाहिलं आणि तिथून गदारोळ सुरू झाला. त्यामुळे कीकलीबद्दल कोणीच काही बोलू शकत नाही, आणि बोलूही नये. तो स्वतःही कन्कशनचं नाव घेऊन गेला नाही. म्हणाला एवढंच, की हा खेळ वेगाने, ताकदीने, अंग झोकूनच खेळायचा असतो आणि ते आता जमेल याची खात्री राहिलेली नाही.

निशाचर
याच्याशी जोडून. माइकचं हत्यार म्हणजे त्याचं डोकं, आणि धंदाही डोकं आपटण्याचाच. पाय मंदावले तर डाव आधी ओळखून भरून काढता येतं, लुईसने शेवटची वर्षं तशीच काढली. कीकलीसारख्याच्या डोक्यात अर्ध्या सेकंदाचा गोंधळ झाला तर उरतं काय? आकडे शाबूत दिसले म्हणून खेळ शाबूत, असं धरता येत नाही. ते आतल्यालाच कळतं.

हिशेबनीस
भावना सगळ्या ठीक, पण पैशाचं कोणी बोलेना. २०१५च्या सप्टेंबरात त्याने पाच वर्षांचा वाढीव करार केला, जवळपास ६.२ कोटी डॉलरचा. म्हणजे थांबला तेव्हा हातात पुरेसं होतं. ज्याला किमान पगारावर दोन मोसम मिळतात त्याला हा चॉइस आहे का? तो चक्कर आली तरी 'बरा आहे' म्हणणार. शहाणपणासुद्धा परवडावं लागतं बाबांनो.

मेधा_के
@हिशेबनीस, मग ख्रिस बोरलंडचं काय? सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर, एकच मोसम खेळला, तोही झकास, आणि मार्च २०१५ मध्ये २४व्या वर्षी सोडलं. कारण स्पष्ट सांगितलं: डोकं. मिळालेल्या बोनसचा मोठा हिस्सा परत करावा लागला. त्याला काय परवडत होतं?

हिशेबनीस
बोरलंड अपवाद आहे म्हणूनच त्याचं नाव तुम्हाला आठवतं.

वऱ्हाडी_ठसका
हे बरोब्बर बोलले.

पॅसिफिककर
मी सॅन दिएगोत राहतो. इथे लाइनबॅकर म्हटलं की ज्युनियर सेआऊ. वीस मोसम खेळला तो, १९९० ते २००९. चार्जर्स, मग मायामी, मग न्यू इंग्लंड. धागाकर्त्याला हवी तशी लांबलचक कारकीर्द. चार्जर्स लॉस एंजेलिसला निघून गेले तरी इथे अजून ५५ क्रमांकाच्या जर्सी दिसतात.

मे २०१२ मध्ये त्याने छातीत गोळी झाडून घेतली. वय ४३. नंतर नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने त्याचा मेंदू तपासला, सीटीई निघालं. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं ते मरणोत्तर. कीकलीला पँथर्सने निवडलं ते २६ एप्रिल २०१२ रोजी आणि सेआऊ गेला २ मे रोजी. मधे आठवडासुद्धा नाही. म्हणजे ही पोरं व्यावसायिक मैदानात पाय ठेवतानाच हे सगळं जाणून होती. लुईसच्या पिढीला ते माहीत नव्हतं. दोघांच्या मोसमांची तुलना करताना एवढं तरी धरा.

चहाबाज
अंगावर काटा आला.

शंकासुर
एक मिनिट. भीतीचं चित्र जरा जास्त रंगवलं जातंय. २०१७ चा तो बॉस्टन युनिव्हर्सिटीचा अभ्यास सगळे नाचवतात, एनएफएलच्या १११ खेळाडूंपैकी ११० जणांत सीटीई. पण ते मेंदू दान केलेले होते. घरच्यांना काहीतरी बिनसलंय असं वाटलं म्हणूनच बहुतेकांनी दिले असणार. त्यावरून सगळ्याच खेळाडूंपैकी ९९ टक्क्यांना होतं असं म्हणणं म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावात आजाऱ्यांची टक्केवारी काढण्यासारखं.

डॉ_स्नेहल
@शंकासुर, मुद्दा रास्त आहे, आणि अभ्यास करणाऱ्यांनीही तो तिथेच लिहून ठेवलाय. खरं प्रमाण त्यावरून काढता येत नाही. पण एक लक्षात घ्या. फक्त मोठी कन्कशन मोजून भागत नाही. कोणाच्या लक्षातही न येणारे छोटे छोटे धक्के वर्षानुवर्षं साचतात, आणि जितकी वर्षं जास्त खेळाल तितका धोका जास्त, हे बऱ्यापैकी दिसतंय. लाइनबॅकरला ते धक्के जवळजवळ प्रत्येक डावात.

अण्णा_दादरकर
अवांतर, पण २८ वय वाचून नरी कॉन्ट्रॅक्टर आठवले. मार्च १९६२, बार्बाडोस. आपला कर्णधार, चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला, कवटीला तडा. हेल्मेट कुठलं तेव्हा! फ्रँक वॉरेलने रक्त दिलं, आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णींनीही दिलं. जीव वाचला, पण पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही. त्यांचंही वय तेव्हा २८च. नंतर रणजी खेळले, कसोटीत परतायची इच्छाही होती. माणूस स्वतःहून थांबतो ते वेगळं आणि थांबवला जातो ते वेगळं.

गोट्या_सदाशिव
अण्णा आले की धागा क्रिकेटवर येणार हे वर कोणीतरी आधीच ओळखायला हवं होतं. माइक झोपला होता काय?

निशाचर
रेडिओ १५ सेकंदांवर बंद पडला.

अण्णा_दादरकर
हसा लेको. पण क्रिकेटलाही अक्कल यायला २०१९ उजाडलं. लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू स्मिथला लागला तेव्हा लाबुशेन बदली म्हणून आला, कसोटीतला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट.

शार्लटकर
वाचतोय सगळं. आता खरं कारण सांगतो. चिरंजीव आठवीत आहेत. पुढच्या वर्षी हायस्कूल, आणि कोचने आत्ताच सांगून ठेवलंय की पोरगा समोरच्याचा डाव छान वाचतो, लाइनबॅकर कर. पोरगा हवेत. भिंतीवर ५९ ची जर्सी. मला अभिमानही वाटतोय आणि हिची झोप उडालीय. शनिवारचा वाद कीकलीवर नव्हताच फारसा.

चहाबाज
आता आला बैल गोठ्यात.

ओहायोची_काकू
शार्लटकर, मग मी लिहिते. माझा मुलगा हायस्कूलची चारही वर्षं खेळला, लाइनबॅकरच. हो म्हणताना मी सासूबाईंना फोनवर 'सॉकरसारखंच असतं' म्हणून सांगितलं होतं.

पहिलं म्हणजे शाळेत मोसमाआधी कॉम्प्युटरवर चाचणी घेतात का ते विचारा. आकडे-शब्द लक्षात ठेवायचे, आकार ओळखायचे, वेग मोजतात. पुढे डोक्याला लागलं तर तीच चाचणी पुन्हा घेऊन आधीच्याशी ताडून बघतात. पोरं हुशार असतात, आधीच्या चाचणीत मुद्दाम चुका करून ठेवतात, म्हणजे नंतर फरक दिसू नये! माझ्याने केल्या होत्या. नंतर स्वतःच हसत सांगितलं, मी हसले नाही. दुसरं, सरावाला ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो की फक्त सामन्याला, ते बघा. आठवड्यात डोकी आपटतात ती सरावातच जास्त. तिसरं, लागलंय की नाही ते पोराला विचारू नका, तो नाहीच म्हणणार. घरी लक्ष ठेवा. आमच्याकडे एकदा शुक्रवारच्या सामन्यानंतर तो स्वयंपाकघरात आला, दिवा लावला आणि लगेच मालवला. म्हणाला, डोळ्यांना लागतोय. पोळी घेतली आणि ताटात ठेवून नुसता बघत बसला. तेवढ्यावरून मी ओळखलं आणि तडक डॉक्टरकडे नेला.

बाकी त्या पॅडच्या वासाबद्दल कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. गराजमध्ये ठेवा. घरात घेऊ नका.

मेधा_के
काकू, दंडवत. मग हो म्हणालात याचा पश्चात्ताप?

ओहायोची_काकू
नाही ग. त्याला तिथे जे मित्र मिळाले ते अजून आहेत. पण कॉलेजात खेळतो म्हणाला तेव्हा मी नाही म्हणाले, आणि त्यावर तो माझ्याशी अख्खा उन्हाळा बोलला नाही. दोन्ही खरं आहे.

शंकासुर
फ्लॅग फुटबॉल हा मार्ग आहे की. टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे. डाव वाचायची हौस तिथेही भागते.

शार्लटकर
सुचवून पाहिलं. ते लहान पोरांचं असतं म्हणतो.

पॅसिफिककर
त्याला सांगा, ते लहान पोरांचं असतं तर ऑलिंपिकचं पदक देऊन टाक मला.

हिशेबनीस
कीकलीचं पुढे काय झालं ते कोणी लिहिलंच नाही. निवृत्तीनंतर काही महिन्यांत तो पँथर्समध्येच स्काउट म्हणून लागला, खेळाडू पारखायला. वर्षभराने तेही सोडलं. नंतर संघाच्या रेडिओ समालोचनात. म्हणजे डाव वाचायचं वेड सुटलेलं नाही, फक्त त्यापुढचं धडकणं सोडलंय.

शार्लटकर
हो, रेडिओवर ऐकतो मी त्याला. बॉल सुटायच्या आत काय होणार ते सांगतो अजून. तरी माझं मत कायम आहे, दोन मोसम तरी खेळायला हवा होता. मात्र पोराच्या बाबतीत ट्रेनर आणि चाचणीचं उद्याच शाळेत विचारतो. काकू, आभार.

डॉ_स्नेहल
स्वतःच्या पोराला ट्रेनर आणि दुसऱ्याच्या पोराला अजून दोन मोसम. छान आहे.

शार्लटकर
डॉक्टर, दुसऱ्याचं पोरगं सव्वासहा फुटी आहे आणि त्याला सहा कोटी डॉलर मिळाले होते.

वऱ्हाडी_ठसका
हिशेबनीस, तुमचा चेला तयार झाला पाहा.

गोट्या_सदाशिव
एवढं वाचल्यावर मॅच बघावीशी वाटायला लागली. भारतात किती वाजता असते?

निशाचर
शार्लटच्या दुपारी एकच्या मॅचेस आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. जागरणाची तयारी ठेव, तीन तास चालते.

गोट्या_सदाशिव
तीन तास? आणि बॉल पायाने किती वेळा मारतात?